कालिया आणि काला

अघासुराची गोष्ट बहुतेकांना अर्धीच आठवते. भागवताच्या दशम स्कंधात गोकुळातली मुले सकाळीच शिदोऱ्या बांधून रानात निघतात. आज न्याहारी घरी नाही, सगळ्यांनी मिळून बाहेर करायची, एवढाच त्यांचा बेत. वाटेत अघासुर अजगर होऊन जबडा पसरून पडलेला असतो. मुलांना ती गुहा वाटते आणि हसत, टाळ्या पिटत ती आत शिरतात. कृष्ण त्यांच्या मागोमाग जातो, त्या घशात आपला देह वाढवत नेतो, राक्षसाचा श्वास कोंडतो आणि तो मरतो. आपण गोष्ट इथे संपवतो, भागवतकार संपवत नाही. तो मुलांना यमुनेकाठच्या वाळवंटात नेतो, गोल बसवतो, शिदोऱ्या सोडायला लावतो. मध्ये बसलेल्या कृष्णाच्या डाव्या हातात दहीभाताचा घास आहे आणि बोटांच्या बेचक्यांत तोंडीलावण्याच्या फोडी धरलेल्या आहेत, इतके बारीक तपशील तो देतो. राक्षस मेला म्हणून ही पंगत बसलेली नाही. मुले जेवायलाच निघाली होती, राक्षस मध्ये आडवा आला. या क्रमाचा विचार करण्यासाठी हे पुस्तक तयार झाले आहे, आणि तो करताना ते यमुनेकाठाहून थेट जपानी चित्रकथांपर्यंत जाते.

मंगा म्हणजे जपानी चित्रकथा. तिची पाने उजवीकडून डावीकडे वाचायची असतात, चित्रे बहुधा काळ्या-पांढऱ्यात असतात आणि लोकप्रिय कथा आठवड्याच्या हप्त्यांनी वर्षानुवर्षे चालतात. मराठी घरांतली कॉलेजच्या वयाची मुले आज ज्या गोष्टींवर तासन्तास बोलतात त्यांत मंगा आणि त्यावर बेतलेल्या अॅनिमे मालिका फार वरच्या जागी आहेत. त्यातही एक घाट विशेष आवडीचा: चार-पाच तरुण मित्र, त्यांच्यासमोर एखादे अक्राळविक्राळ संकट, आणि दोन लढायांच्या मध्ये परीक्षा, भाड्याची खोली, पहिले प्रेम, आवडीचा पदार्थ, कुणाला तरी दिलेला शब्द. पालकांना त्यात मुखपृष्ठावरचा राक्षस दिसतो आणि ‘सारखी मारामारी’ एवढाच अभिप्राय येतो. गंमत अशी की चाहतेही बहुधा लढायांचीच मोजदाद करतात. कोणाची शक्ती मोठी, कोणता डाव भारी. दोघांच्याही हातून एकच गोष्ट निसटते. या कथांचे वजन त्यांतल्या साध्या इच्छांमध्ये असते. राक्षस किती मोठा, हे त्याच्या उंचीवरून कळत नाही, त्याने कोणाचा कोणता बेत मोडला यावरून कळते. आमचे म्हणणे एवढेच आहे. ते पटवण्यासाठी आधी जपानकडे आणि मग आपल्या अंगणाकडे पाहावे लागेल.

जपानी राक्षसकथेचे मूळ लोककथांतल्या ‘योकाई’ नावाच्या भुताखेतांत आहे. १७७६ मध्ये तोरियामा सेकिएन या चित्रकाराने त्यांची एक सचित्र जंत्रीच प्रसिद्ध केली आणि तिथून या मंडळींना ठरावीक चेहरे मिळत गेले. दुसऱ्या महायुद्धात राबाउलच्या आघाडीवर डावा हात गमावलेल्या शिगेरु मिझुकी यांनी १९६० पासून ‘कितारो’ या भूतकुळातल्या पोराच्या कथा काढल्या. मिझुकींच्या जगात भुते शेजारी असतात. माणसांनी रान तोडले, दिवे लावले म्हणून हद्दपार होत चाललेले जुने शेजारी. हा एक संप्रदाय. दुसरा ‘कैजू’ म्हणजे महाकाय प्राण्यांचा. १९५४ च्या इशिरो होंडा यांच्या ‘गोझिला’ चित्रपटापासून तो ठळक झाला, आणि तिथला राक्षस हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांनी खवळून समुद्रातून वर येतो. तो शेजारी नाही, आपत्ती आहे. तिसरा संप्रदाय साप्ताहिकांचा. १९६८ मध्ये सुरू झालेल्या ‘शोनेन जंप’ने मैत्री, कष्ट आणि विजय ही त्रिसूत्री पुढे ठेवली आणि १९९४ च्या अखेरीस एका अंकाच्या ६५ लाखांहून अधिक प्रतींपर्यंत मजल मारली. ‘ड्रॅगन बॉल’, ‘वन पीस’, ‘नारुतो’ ही त्या घराण्यातली मोठी नावे. या कथांतली मुले मोठी स्वप्ने पाहतात: चाच्यांचा राजा व्हायचे, गावाचा प्रमुख व्हायचे. राक्षस त्या वाटेवरच्या पायऱ्या असतात.

साधारण २०१८ नंतर मात्र स्वप्नांचा आकार बदलला, आणि या पुस्तकाला खरे निमित्त त्या बदलाने दिले. तात्सुकी फुजिमोतो यांच्या ‘चेनसॉ मॅन’मधला डेन्जी बापाचे कर्ज फेडण्यासाठी सैतान मारतो. शरीराचे अवयवही त्याने विकलेले आहेत. त्याचे स्वप्न काय? पावाला जॅम लावून खायचा. नाओया मात्सुमोतो यांच्या ‘कैजू नं. ८’चा नायक काफ्का हिबिनो ३२ वर्षांचा आहे. लहानपणी त्याने मैत्रिणीबरोबर ठरवले होते की दोघांनी संरक्षण दलात जाऊन राक्षसांशी लढायचे. ती दलात मोठ्या हुद्द्यावर पोचली. हा परीक्षांत नापास होत राहिला आणि शेवटी मेलेल्या राक्षसांचे अवशेष उचलणाऱ्या कंपनीत लागला. त्याच्या वाट्याला आतडी उपसायचे काम येते, ज्याची घाण अंगावरून दिवसभर जात नाही. मग कामावर आलेला १८ वर्षांचा सहकारी त्याला सांगतो की भरतीची वयोमर्यादा वाढली आहे. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसणाऱ्या कोणत्याही मराठी तरुणाला या एका बातमीचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही. युकिनोबु तात्सु यांच्या २०२१ पासून येणाऱ्या ‘दांदादान’मध्ये एक मुलगी भुते मानते, परग्रहवासी मानत नाही, मुलगा नेमका उलट. पैज लागते, दोघेही खरे ठरतात, आणि मग एकामागून एक संकटे. पण दर संकटानंतर ही मंडळी आजीच्या घरी येऊन जेवायला बसतात, भांडतात, कोण कोणाशी का बोलले नाही यावर रुसतात. लढाईत जे सिद्ध होत नाही ते त्या जेवणात होते.

आता आपले अंगण, म्हणजे नाशिक. राक्षसकथा या गावाला बाहेरून आणावी लागत नाही. गावाचे नावच शूर्पणखेच्या नाकाशी जोडले जाते, पंचवटी-तपोवनाच्या प्रत्येक वळणावर रामायणातला एखादा प्रसंग सांगितला जातो आणि वणीच्या गडावर सप्तशृंगी महिषासुराला मारून उभी आहे. परंतु आमच्या दृष्टीने महत्त्वाचा पुरावा चित्रपटाचा आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी नाशकात हिंदुस्थान फिल्म कंपनीतर्फे केलेला ‘कालिया मर्दन’ १९१९ चा. त्याचा बराच भाग आज पाहायला मिळतो. नावावरून वाटते की यात नागाशी लढाई असेल, आणि ती आहेच. पण चित्रपटाचा मोठा हिस्सा मुलांच्या उचापतींना दिलेला आहे. एक बाई कृष्णाच्या सवंगड्यावर पाणी ओतते, त्याचा वचपा म्हणून तिच्या घरातले लोणी लुटले जाते, मग खोड्यांवर खोड्या. नाग येईपर्यंत ही टोळी प्रेक्षकाच्या ओळखीची झालेली असते. आणि लढाई सुरू झाल्यावर फाळके एक फार विचारी गोष्ट करतात. कॅमेरा पाण्याखालच्या झुंजीवरून पुन्हापुन्हा काठावर जातो, जिथे आई, गावकरी आणि ते सवंगडी पाण्याकडे डोळे लावून उभे आहेत. पाण्याखाली देव आहे, त्याला कसली भीती? भीती काठावर आहे. त्या काठावरच प्रेक्षकाला उभे केले आहे.

इथे भाविक वाचकाचा आक्षेप येईल आणि तो बाजूला सारण्यासारखा नाही. कृष्णाची लीला आणि जपानी पोरांची मारामारी एका पंक्तीत कशी बसवता? लीलेत हार-जीत नसते. डेन्जी किंवा काफ्का खरोखर हरू शकतात, मरू शकतात. हा फरक आम्ही मानतो. पण मराठी संतपरंपरेने कृष्णाकडे पाहताना आपले लक्ष कुठे ठेवले ते पाहा. गोपाळकाल्याच्या अभंगांत त्याचे देवपण सवंगड्यांच्या उष्ट्याने मोजले जाते. देव त्यांच्या तोंडचा घास मागतो. मराठी गवळणींनी आणि तमाशाने पेंद्या नावाचा लंगडा गडी उभा केला, वाकड्या-बोबड्यांची टोळी उभी केली, ज्यांच्याजवळ कोणतेच दिव्य सामर्थ्य नाही. सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते, आषाढी पौर्णिमेला पंढरपुराजवळ गोपाळपुरात काला होतो. दही, लाह्या, लोणचे, ज्याच्या घरचे जे असेल ते एकत्र कालवायचे आणि वाटायचे. म्हणजे वारकऱ्यांनी राक्षसवधाच्या आसपासच्या प्रसंगांतून उत्सवासाठी उचलला तो जेवणाचा. हे आपल्या परंपरेचे स्वतःचे साहित्यिक मत आहे, आणि आम्ही त्याच्याच आधाराने बोलत आहोत. म्हणून या पुस्तकात ‘काला’ हा शब्द आम्ही संज्ञेसारखा वापरला आहे: संकट आणि रोजचे जगणे असे कालवलेले की वेगळे काढता येत नाही. 

नाशिक जिल्ह्याच्याच पश्चिम अंगाला, पेठ-सुरगाण्यापासून पलीकडे जव्हार-मोखाड्यापर्यंत, आदिवासी गावांत बोहाडा होतो. संबळ-पिपाणीच्या तालावर रात्रभर देवांची आणि राक्षसांची सोंगे नाचतात आणि अखेरीस जगदंबा आणि म्हैषासुर समोरासमोर येतात. अनेक गावांत विशिष्ट सोंग विशिष्ट घराकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असते. त्यामुळे मुखवट्याखालचा राक्षस कोण, हे सगळ्या गावाला ठाऊक असते. काल त्याच्याबरोबर लोक रानात कामाला होते, उद्याही असतील. मिझुकींच्या शेजारी-भुतांच्या इतके जवळ जाणारे दुसरे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही. बोहाड्यावर लिहिताना त्याला ‘लोककला’ म्हणून कपाटात ठेवण्याची घाई होते. आम्हाला तो आजही सुरू असलेला कथाप्रकार म्हणून वाचायचा आहे.

छापील मराठीत या कथेचा प्रवास तुटक आहे. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ने अद्भुताची गोडी लावली, ‘चांदोबा’ने वेताळ घरोघरी नेला. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मात्र राक्षसांच्या वाटेला गेला नाही. त्याला सायकल, शाळा, मित्र आणि चोर पुरले. भागवतांनी रोजचे जग इतके जिवंत केले की फुरसुंगीचा हा मुलगा वाचकांना वर्गमित्र वाटला, पण अद्भुत दाराबाहेर राहिले. दुसऱ्या टोकाला नारायण धारपांच्या भयकथा. तिथे अनिष्ट शक्ती आहेत, त्यांना तोंड देणारी माणसे आहेत, पण मुलांची टोळी क्वचितच केंद्रस्थानी. रत्नाकर मतकरींनी ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण आणि ‘निम्मा शिम्मा राक्षस’ रंगभूमीवर आणून राक्षसाला मुलांच्या हसण्याच्या पल्ल्यात आणले. ती मोठीच कामगिरी, तरी ते राक्षस लहानग्यांसाठी होते. चौदा ते चोवीस या वयाला देण्यासारखे मराठीत फार थोडे उरले, आणि नेमकी तीच पोकळी मंगाने भरली. चित्रपटाने अधूनमधून प्रयत्न केला. १९९३ च्या ‘झपाटलेला’त तात्या विंचू लक्षात राहतो, पण तो ज्याच्या शरीराच्या मागे लागतो तो लक्ष्या बोलक्या बाहुल्यांचे खेळ करून पोट भरणारा साधा माणूस आहे, म्हणून ती धडपड आपल्याला लागते. पुढे आदित्य सरपोतदार या एकाच दिग्दर्शकाने २०१७ मध्ये ‘फास्टर फेणे’, २०२२ मध्ये ‘झोंबिवली’ आणि २०२४ मध्ये हिंदीत ‘मुंज्या’ केला. या तीन चित्रपटांकडे सलग पाहिले तर वाट स्पष्ट दिसते: आधी सायकलवरचा मुलगा, मग डोंबिवलीच्या पाण्याच्या प्रश्नातून उठलेले झोंबी, मग कोकणातल्या पिंपळावरचा अपुऱ्या इच्छेचा मुलगा, जो पुण्यातल्या एका बुजऱ्या तरुणाच्या मानगुटीवर बसतो.

पाणी आणि अपुरी इच्छा ही दोन सूत्रे आम्हाला फार मोलाची वाटतात. कालिया डोहात राहतो म्हणून दुष्ट ठरत नाही. त्याच्या विषाने पाणी नासते, ते पिऊन गुरे आणि गुराखी कोसळतात, म्हणून लढाई होते. तहान लागणे याहून रोजचे काय असणार? गोझिलाचा समुद्र आणि झोंबिवलीचे नळ हे त्याच डोहाचे फाटे आहेत, आणि गोदावरीतल्या सांडपाण्याबद्दल वर्षानुवर्षे वाचणाऱ्या नाशिककरांना हा राक्षस परका वाटू नये. दुसरे, भागवतातला कालिया मारला जात नाही. त्याच्या बायका मुलाबाळांसह पुढे येऊन गयावया करतात, आणि कळते की तो गरुडाच्या भयाने या डोहात येऊन लपला होता. त्याला संसार आहे, धास्ती आहे. शेवटी तो रमणक बेटावर परत पाठवला जातो. ‘दांदादान’मधली कितीतरी भुते अशीच, मरताना काहीतरी राहून गेलेली, आणि मुंज्या तर नावापासूनच अपुरा. राक्षसाला स्वतःचे रोजचे जगणे असणे ही नव्या मंगाची शक्कल नाही. आपल्याकडे ती नागपत्नींच्या विनवणीइतकी जुनी आहे.

आणखी दोन आक्षेपांना उत्तर द्यायला हवे. पहिला: मैत्रीचे, जेवणाचे प्रसंग हा साप्ताहिकांचा धंदेवाईक भराव आहे, वाचकांच्या मतपत्रिकांवर मालिका टिकतात किंवा बंद होतात, मग लेखक पाने वाढवणारच. काही मालिकांबाबत हे खरे आहे आणि पुस्तकात तसे नावानिशी म्हटले आहे. कसोटी सोपी आहे. तो प्रसंग काढून टाका आणि पुढची लढाई वाचा. डेन्जीचा जॅम काढला तर उरते फक्त रक्त. जिथे काही बिघडत नाही तिथे तो भराव. रक्ताचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो की यांतल्या काही कथा लहान मुलांसाठी नाहीतच. प्रकाशक वयाची सूचना छापतात ती पालकांनी मनावर घ्यावी. दुसरा आक्षेप परकेपणाचा: आपले सोडून जपानचे कशाला? फाळक्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा परदेशी चित्रपट पाहिला आणि त्यांच्या मनात पडद्यावर कृष्ण आणण्याचे आले. बाहेरचे पाहिल्यामुळेच घरचे दिसले. उलट दिशेनेही रस्ता वाहता आहे. युगो साको या जपानी निर्मात्याने राम मोहन यांच्यासह केलेला रामायणावरचा अॅनिमेशनपट १९९२ मध्ये पुरा झाला आणि २०२५ मध्ये भारतातल्या चित्रपटगृहांत पुन्हा लागला. ‘तोत्तोचान’ मराठी घरांत कधीच आपली झाली आहे. मग तिच्याच देशातल्या थोड्या मोठ्या मुलांना उंबऱ्यावर का अडवायचे?

हे आत्ताच लिहिण्याचे कारण नव्या वाचकाच्या मनःस्थितीत आहे. नारुतोच्या पिढीला ‘कष्ट केले की विजय’ हे सूत्र पुरत होते. काफ्काच्या वाचकाला कष्ट करूनही यादीत नाव न आलेले मित्र माहीत आहेत. भरतीची जाहिरात कधी निघेल, वय उलटून जाईल का, सातपूर-अंबडच्या कारखान्यात कंत्राटी काम धरावे की आणखी एक वर्ष थांबावे, असे हिशेब त्याच्या रोजच्या बोलण्यात आहेत. त्याला जग वाचवणारा नायक दूरचा वाटतो. आतडी उपसून घरी आलेला आणि तरीही जुना शब्द न विसरलेला माणूस त्याला जवळचा वाटतो. या वाचकाशी मराठी समीक्षेने अजून नीट बोलणे सुरू केलेले नाही. त्याच्या वाचनाला ‘कार्टून’ म्हणून बाजूला ठेवले जाते, आणि तोही मग मराठीत याबद्दल बोलायचे सोडून देतो. आमची खरी काळजी ही आहे. ज्या गोष्टी त्याला रात्री जागवतात त्यांच्यासाठी त्याच्या भाषेत शब्द असायला हवेत. म्हणून या लेखांत शक्य तिथे बोली आणि परंपरेतल्या संज्ञा वापरल्या आहेत: काला, सोंग, सवंगडी, डोह. जिथे जपानी शब्दाला पर्याय नाही तिथे तो तसाच ठेवला आहे.

पुस्तक दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे, आणि त्यांनी ते वेगवेगळ्या टोकांनी उघडले तरी चालेल. मंगा कधीच न वाचलेल्या पालक, शिक्षक, ग्रंथपालांनी कालियापासून सुरुवात करावी. फक्त मंगा वाचणाऱ्यांनी डेन्जीपासून सुरुवात करून बोहाड्याकडे यावे. मालिकांची क्रमवारी इथे नाही, कथानकांचे सारांशही मोजके आहेत. जपानी चित्रचौकटी उजवीकडून डावीकडेच ठेवल्या आहेत. दोन-चार पानांत डोळा रुळतो. एका प्रश्नाला मात्र आम्ही मुद्दाम जास्त जागा दिली आहे, तो मुलींचा. ‘शोनेन’ या शब्दाचा अर्थच मुलगा. मराठी साहसकथेतही टोळीतली मुलगी बहुधा पाहुणी असते, आणि ‘दांदादान’च्या मोमोसारखी पुढे होऊन लाथ घालणारी नायिका अजून विरळा. तरीही ‘कालिया मर्दन’ची सुरुवात पाहावी. गोष्ट सुरू होण्याआधी पडद्यावर एक चेहरा येतो. तो आहे फाळक्यांच्या सात वर्षांच्या मंदाकिनीचा. कॅमेऱ्यासमोर ती एकेक भाव करून दाखवते, तो बदलते, पुन्हा दुसरा धरते. मग त्याच चेहऱ्यावर कृष्णाची रंगभूषा उमटते, आणि ती मुलगी सवंगड्यांना घेऊन लोणी चोरायला निघते.